१६५ वर थांबता आलं असतं

अंधेरी पश्चिमेच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यात २००८ ते २०१५ या काळात १६६ मुली हरवल्याच्या तक्रारी आल्या. सहायक फौजदार राजेंद्र धोंडू भोसले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या १६५ शोधून काढल्या. आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत एवढ्यावर पेढे वाटले गेले असते, साहेबांसोबत फोटो निघाला असता. भोसले मात्र लोकांना उरलेल्या एकीबद्दलच सांगत राहिले. २२ जानेवारी २०१३ ला शाळेत जायला निघालेली सात वर्षांची मुलगी. पोलिसांच्या हिशेबात ती १६६ वी.

पोलीस खात्यात मिसिंगचं काम कुणी हौसेनं मागून घेत नाही. दरोडेखोर पकडला की बातमी होते, हरवलेली मुलगी सापडली की घरचे तोंड लपवून तिला घेऊन जातात. कामही किचकट. अंगावर कपडे कोणते होते, केस कसे बांधले होते, आदल्या रात्री घरात भांडण झालं होतं का, हे रडणाऱ्या आईला पुन्हा पुन्हा विचारायचं. मैत्रिणींना गाठायचं, कूपर रुग्णालयात डोकावायचं, अंधेरी स्टेशनच्या रेल्वे पोलिसांकडे फोटो द्यायचा, डोंगरीच्या आणि मानखुर्दच्या बालगृहांत चौकशी करायची. दहातल्या नऊ खेपा फुकट. अल्पवयीन मूल हरवलं की गुन्हा दाखल करून तपास करायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०१३ मध्ये बजावलं. आदेशानं कागद तयार होतो. तो कागद उराशी बाळगणारा माणूस आदेशानं मिळत नाही.

मे २०१५ मध्ये भोसले निवृत्त झाले. गणवेश उतरला, पण त्या मुलीचा फोटो खिशातच राहिला. तिच्या घरच्यांशी संबंध तुटला नाही, चौकशी थांबली नाही.

हल्ली दारात जेवण घेऊन येणारा मुलगा जाता जाता म्हणतो, ‘सर, फाइव्ह स्टार द्या ना.’ त्याचा दोष नाही, त्याच्या पोटाची गाठ त्या चांदण्यांशी बांधून ठेवलेली आहे. कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत ‘पॅशन’ हा शब्द तर इतका वापरला जातो की मला त्याची धास्तीच वाटू लागली आहे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो, पगार तेवढाच, काम जास्त, आणि वर हसतमुख राहा. भोसल्यांच्या कामाला चांदण्या देणारं कुणी नव्हतं. गोपनीय अहवालातही ‘न सापडलेल्या मुलीचा विचार करत राहणे’ असा रकाना नसतो.

ही गोष्ट खरं तर इथे गोड करून संपवता आली असती. पण पुढे जे घडलं ते सरळ नाही.

४ ऑगस्ट २०२२ ला ती मुलगी सापडली. सोळा वर्षांची झाली होती. मधल्या काळात डी. एन. नगरवरून मेट्रो धावू लागली होती, लिंक रोडवर दुसऱ्या मेट्रोचे खांब उभे राहिले होते. आणि ती सापडली ती स्वतःच्या घरापासून साधारण पाचशे मीटरवर, अंधेरीतल्याच गिल्बर्ट हिलच्या परिसरात. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, एका अपत्यहीन जोडप्यानं तिला नेलं होतं. तिच्या शोधाचा गाजावाजा झाला, तसे ते घाबरले आणि तिला त्यांनी कर्नाटकातल्या एका वसतिगृहात ठेवलं. पुढे त्यांना स्वतःचं मूल झालं, तेव्हा तिला परत आणून मुलं सांभाळायच्या कामाला लावलं. म्हणजे ज्या तळमळीनं तिला शोधलं जात होतं, त्याच तळमळीनं तिला काही काळ आणखी दूर ढकललं. हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढचं वाचू शकलो नाही.

आणि शोधून काढलं कुणी? भोसल्यांनी नाही, पोलिसांनीही नाही. मुलगी ज्या घरी कामाला जायची तिथल्या दुसऱ्या एका कामवाल्या बाईंना तिनं आपली हकिगत सांगितली. बाईंनी ती कानाआड केली नाही. इंटरनेटवर तिच्या नावानं शोध घेतला, तर २०१३ च्या बातम्या आणि ‘हरवली आहे’चं पोस्टर समोर आलं. पोस्टरवर पाच फोन नंबर होते. चार बंद पडले होते. पाचवा लागला. तो होता घराशेजारच्या एका गृहस्थांचा, इतकी वर्षं न बदललेला. त्यांनी आईला गाठलं. वडील तो दिवस पाहायला राहिले नव्हते.

मग भोसल्यांच्या त्या सगळ्या खेपा वाया गेल्या म्हणायच्या का? मला तसं वाटत नाही. मूल हरवतं तेव्हा पहिले आठ दिवस सगळी गल्ली धावते. नंतर पोस्टर पावसात भिजतं, त्यावर क्लासची जाहिरात चिकटते, आणि दोन वर्षांनी घरच्यांनासुद्धा विषय काढायचा संकोच वाटू लागतो. भोसल्यांनी हे होऊ दिलं नाही. २०१५ मध्ये एका वर्तमानपत्रानं त्यांच्यावर लिहिलं तेही १६५ मुळे कमी आणि १६६ मुळे जास्त. शेजाऱ्यांनी पोस्टर लावली, एका बाईंनी ऐकून घेतलं, एकानं नंबर टिकवला. यातलं काहीही कुणाच्या नेमून दिलेल्या कामाचा भाग नव्हतं. कामवाल्या बाईंना तर ‘दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत कशाला पडतेस’ असा सल्ला देणारे शंभर जण भेटले असते.

तरीही निवृत्त माणसाच्या खिशातल्या फोटोवर खातं चालवता येत नाही. पोलीस ठाण्यात कुणाची बदली झाली की नव्या माणसाला मुद्देमाल मोजून, सही घेऊन ताब्यात देतात. जप्त केलेली मोटारसायकलसुद्धा कागदावर हस्तांतरित होते. न सापडलेल्या मुलांच्या बाबतीत तेच करावं. जाणाऱ्या फौजदारानं येणाऱ्याला फायलींचा गठ्ठा देऊन मोकळं होऊ नये, घर दाखवावं, आईशी ओळख करून द्यावी, पोस्टरवरचे नंबर लागतात का ते त्याच्यासमोर फिरवून बघावेत. एका सकाळचं काम आहे.