ज्याची त्याची थंडी



नाताळच्या सुट्टीत मुंबईला घरी जाऊन आलेली बरीच कुटुंबं आता इथं ब्रिटनमध्ये परतली आहेत. संक्रांतीच्या तयारीच्या बैठकीत कामाआधी गप्पा रंगल्या त्या मुंबईच्या थंडीच्या. मुलुंडला पहाटे १६ अंश, तर सोसायटीचा वॉचमन मफलर गुंडाळून शेकोटीपाशी बसलेला. बोरिवलीच्या आजीच्या अंगात दोन स्वेटर, वर कानटोपी. आणि इथून गेलेला नातू त्याच गॅलरीत हाफ पँटवर, ‘आजी, पंखा लाव ना’ म्हणतोय. सगळे हसले. ‘याला काय थंडी म्हणायची?’ हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी होतं. हे वाक्य आपण सोडून द्यावं, असं मला मनापासून वाटतं. या संपादकीयाचं कारण तेच.

आजीला वाजते ती थंडी खरी असते. आपली त्वचा हवेचं तापमान मोजत नाही. अंगातली ऊब बाहेर जाऊन ती स्वतः किती गार पडते आहे, एवढंच तिला कळतं, आणि ते ती सवयीच्या हवेशी ताडून बघते. वय वाढलं की स्नायू कमी होतात, शरीरात तयार होणारी उष्णता घटते, थंडीत त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसून ऊब राखतात तेही काम मंदावतं. नातवाचं शरीर नोव्हेंबरपासून इथल्या पाच-सात अंशांत वावरलेलं. थंडीला सरावलेल्या शरीरात उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबी अधिक कामाला लागते. एकाच गॅलरीत उभी असली, तरी ही दोन अगदी वेगळी शरीरं आहेत. उकाड्याचंही तसंच. रोज उन्हात वावरलं की साधारण दोन आठवड्यांत घाम लवकर फुटू लागतो, त्यातून मीठ कमी जातं, हृदयावरचा ताण उतरतो. सराव सुटला की महिनाभरात ही कमाई जाते. म्हणून दहा वर्षांपूर्वी मे महिन्यात अंधेरी स्टेशनचा पूल धावत चढणारे आपणच आता तिथं उतरल्यावर दोन दिवस आडवे होतो.

भारतीय हवामान खात्यानं हा फरक आपल्या नियमांतच धरला आहे. उष्णतेची लाट म्हणायची, तर साधारणपणे कमाल तापमान मैदानी भागात ४० अंश, डोंगराळ भागात ३० आणि किनाऱ्यावर ३७ अंशांपर्यंत पोचलेलं हवं, शिवाय ते त्या जागेच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी चढलेलं हवं. थंडीच्या लाटेसाठी मैदानात पारा १० अंशांपर्यंत उतरावा लागतो. किनाऱ्यावर मात्र तो सरासरीपेक्षा बराच घसरून १५ वर आला तरी त्याची दखल घेतली जाते. ब्रिटनचं हवामान खातं तर सलग तीन दिवस लंडन परिसरात २८ आणि स्कॉटलंडमध्ये २५ अंश झाले की उष्णतेची लाट जाहीर करतं. बोरिवलीत २५ अंश म्हणजे डिसेंबरातली सुखाची संध्याकाळ. तरीही यातला कुठलाच आकडा चुकलेला नाही. प्रत्येक आकडा तिथल्या सवयीच्या हवेवरून ठरला आहे.

सांताक्रूझची वेधशाळा ही आपल्या मुंबई उपनगरांची वेधशाळा. तिथला नीचांक ७.४ अंशांचा, २२ जानेवारी १९६२ चा, उच्चांक ४२.२ अंशांचा, १४ एप्रिल १९५२ चा. पण हे झाले विक्रम. उपनगरातल्या माणसाचं वर्ष एरवी फार अरुंद पट्ट्यात जातं: जानेवारीची पहाट सोळा-सतरा अंशांची, मेमधली दुपार तेहेतीस-चौतीस अंशांची. इतक्या चिंचोळ्या पट्ट्यात राहणाऱ्याला चार अंशांची घसरणही बोचते, यात नवल ते काय?

उपनगरांची हवाही एकसारखी नाही, हे तिथं वाढलेल्यांना सांगायला नको. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि झाडी आहे. हिवाळ्यातल्या रात्री त्या बाजूला गारठा जास्त जाणवतो. दिवसा खारे वारे आधी वर्सोवा-अंधेरीला गार करतात, मुलुंडला ते उशिरा आणि दमून पोचतात. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडून, जमिनीवरून तापलेले वारे जोर धरतात तेव्हा हे खारे वारे दुपारपर्यंत अडून राहतात आणि पारा ३८-३९ वर जातो. तरीसुद्धा उपनगरातला उकाडा पाऱ्याहून जास्त असतो दमटपणाचा. नागपूरचा माणूस ४५ अंशांतून येतो आणि घाटकोपरच्या ३४ अंशांत हैराण होतो. त्याच्याकडे घाम वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. घाटकोपरला तो नुसता निथळतो. नागपुरात घरोघरी चालणारा कूलर मुंबईत निरुपयोगी ठरतो तो याच कारणानं.

घाटकोपरच्या असल्फ्याच्या टेकडीवरच्या घरांत मे महिन्यात एकदा रात्री अकराला जाऊन बसावं. वरचा पत्रा दिवसभर तापलेला, आतली भिंत हाताला अजून कोमट. पंखा फिरतो तो तीच गरम हवा खाली ढकलतो. घरातली बाई ओला टॉवेल पिळून लेकराच्या पाठीवर ठेवते, थोड्या वेळानं परत भिजवते. पुरुष बाहेर पायरीवर झोपतात, बायकांना तेही करता येत नाही. त्याच वेळी शेजारच्या टॉवरमध्ये एसी २४ वर लावून पांघरूण घेतलेलं असतं. आपल्या फोनवर मात्र दोन्ही घरांचं तापमान एकच दिसतं: ‘घाटकोपर, ३०’. तो आकडा पाहून आपण लांबून म्हणतो, ‘तीसच तर आहे!’

अशा आकड्यांवर विसंबणं जिवावर बेतू शकतं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर भर दुपारच्या सोहळ्यानंतर उष्माघातानं १४ जणांचा जीव गेला. आसपासच्या नोंदी ३८ अंशांच्या घरातल्या होत्या. चंद्रपूरला ज्याची बातमीही होत नाही, असा आकडा. इथं ब्रिटनमध्ये १९ जुलै २०२२ ला कोनिंग्जबीला ४०.३ अंशांची नोंद झाली. ४० अंश ओलांडण्याची या देशाची ती पहिलीच वेळ. आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा ऑफिसात ‘आमच्याकडे हे नेहमीचंच’ असं ऐकवलं होतं. त्या उन्हाळ्यातल्या उष्ण दिवसांत एकट्या इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरच्या २,८०० हून अधिक माणसांचे जादा मृत्यू नोंदले गेले. ऊब धरून ठेवायला बांधलेली घरं, छताला पंखा नाही, आणि उन्हाचा सराव नसलेली म्हातारी शरीरं. शेजारची आजी खिडकीचे पडदे ओढून बसली असेल, तर तिची विचारपूस करायची होती. तिला मुंबईचा उन्हाळा ऐकवायचा नव्हता.

मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती आपल्याकडे पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांची. कांदिवली-विक्रोळीहून थेट इथल्या जानेवारीत उतरलेली ही माणसं तक्रार करत नाहीत. गॅसचं बिल वाढलंय हे त्यांच्या कानावर असतं, सुनेला-जावयाला कशाला त्रास, म्हणून शालीवर शाल घेतात आणि रेडिएटरला हात लावून बसतात. आपण टी-शर्टवर फिरत म्हणतो, ‘घरात छान उबदार आहे की.’ ज्येष्ठांच्या खोलीत किमान १८ अंश राखा, असा इथल्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. सांताक्रूझला जानेवारीतल्या पहाटेचं तापमान याच्या जवळपास असतं, आणि आपले आईवडील तेव्हा स्वेटर शोधतात! तेव्हा त्यांना १८ पुरणार नाही हे उघड आहे. २१-२२ ठेवा. पैशांची ओढाताण असेल तर निदान त्यांची एक खोली तरी गरम ठेवा, आणि ‘थंडी वाजतेय का?’ असं न विचारता त्यांचे हात हातात घेऊन बघा. भिडेपोटी तोंडानं ‘नाही’ येईल, बोटं खरं सांगतील.

एप्रिल-मेमध्ये घरी फोन कराल, तेव्हाही असंच. फोनवरचा आकडा बाजूला ठेवून विचारा: रात्री झोप लागली का, वीज गेली होती का, दुपारी बाहेर पडलात का, पाणी किती प्यालात. म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणून शेवटचा प्रश्न विसरू नका.

यंदाच्या संक्रांतीला हॉलचं हीटिंग कार्यक्रमाच्या एक तास आधीपासून सुरू असेल आणि ज्येष्ठांच्या खुर्च्या दारापासून लांब, रेडिएटरच्या बाजूला मांडलेल्या असतील. तुमच्याकडे घरून कोणी आलं असेल तर त्यांना नक्की घेऊन या. कपाटात न लागणारे चांगले लोकरी कोट, शाली, हातमोजे असतील तर तेही आणा; नव्यानं आलेल्या आईबाबांसाठी प्रवेशद्वाराजवळ एक टेबल राखून ठेवलं आहे.