चांदोमामाच्या सातबाऱ्यावर

भाऊबीजेच्या संध्याकाळी ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. संकष्टीला चंद्र दिसल्याशिवाय तिचा उपास सुटत नाही, म्हणून ढगाळ रात्री अंगणात मान वर करून उभ्या असतात त्या बायाच. इतक्या नेमानं चंद्राकडे बघणारं दुसरं कुणी आमच्या मराठवाड्यात तरी मला माहीत नाही. त्यामुळे लातूरच्या किशोरी शिबिरात चंद्राचा मोठा नकाशा भिंतीवर लावला तेव्हा मुली त्याच्याभोवती गोळा झाल्या याचं नवल वाटलं नाही. काळे डाग म्हणजे ससा नव्हे, तो लाव्हा थिजून झालेला बेसॉल्ट, आपल्या शेताखाली आहे त्याच जातीचा काळा पाषाण, हे ऐकून त्या हरखल्या. लोणारचं सरोवर पाहून आलेल्या नांदेडच्या एका मुलीनं विवर म्हणजे काय ते माझ्यापेक्षा चांगलं समजावून दिलं. मग नववीतली एकजण नकाशावरची नावं मोठ्यानं वाचू लागली. कोपर्निकस, टायको, केप्लर, प्लेटो... निम्म्यावर येऊन थांबली आणि म्हणाली, "ताई, ह्याच्यात बाई एक पण नाही का?"

आहेत, पण शोधाव्या लागतात. दानिएल आल्टशुलर आणि फर्नांडो बालेस्टेरोस या दोघा अभ्यासकांनी २०१९ साली पुस्तक लिहून हा हिशेब मांडला. चंद्रावरच्या १,५८६ विवरांना विद्वानांची, शास्त्रज्ञांची नावं आहेत. त्यांत बाया २८. शेकड्याला दोनही भरत नाहीत. आपल्या गावातल्या सातबाऱ्यांचे उतारे काढून बघा, चित्र फार वेगळं दिसणार नाही.

ही नावं देण्याची रीत १६५१ सालची. इटलीतल्या बोलोन्याचे जेझुइट धर्मगुरू रिचिओली यांनी आपला सहकारी ग्रिमाल्डी याच्याकडून नकाशा काढून घेतला आणि विवरांना तत्त्वज्ञांची, ज्योतिर्विदांची नावं वाटली. वाटताना स्वतःला आणि ग्रिमाल्डीला विसरले नाहीत. दोघांच्याही नावावर दीडशे किलोमीटरच्या आसपासची विवरं आहेत. वाटप करणाराच्या पदरात काय पडतं हे आपल्याला नव्यानं सांगायला नको.

यावर ठरलेलं उत्तर येतं की त्या काळात बाया या विषयात होत्याच कुठे? होत्या ना. न्यूरेंबर्गला मारिया क्लारा आइमार्ट नावाची मुलगी होती. १६९३ पासून पाच वर्षं ती वडिलांच्या वेधशाळेतून दुर्बिणीनं चंद्र पाहून निळ्या कागदावर त्याची चित्रं काढत होती, एकदोन नव्हे, शेकडो. १७०७ साली बाळंतपणात ती गेली. चंद्रावर आइमार्ट नावाचं विवर आहे, ते तिच्या वडिलांचं. हेवेलिअसचं नाव खगोलशास्त्र शिकणारे सगळे घेतात. त्याची बायको एलिझाबेथ त्याच्याबरोबर वेध घ्यायची, आणि तो गेल्यावर अर्धवट राहिलेली तारकासूची १६९० साली तिनं पुरी करून छापली. चंद्रावर विवर आहे ते हेवेलिअसचं.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती मेरी ब्लॅग. १८५८ साली, म्हणजे आपल्या पंडिता रमाबाई जन्मल्या त्याच वर्षी, इंग्लंडमधल्या एका लहान गावात ती जन्मली. वडील वकील. विद्यापीठाचं तोंड पाहिलं नाही. भावांची शाळेची पुस्तकं वाचून गणित शिकली. पन्नाशीला टेकताना तिच्याकडे एक किचकट काम आलं. तोवर चंद्राचे बरेच नकाशे झाले होते आणि प्रत्येकानं आपापली नावं दिली होती. एकाच विवराला तीन नावं, एकच नाव तीन विवरांना. जमिनीच्या नोंदीत असा घोळ असता तर भावाभावांत कुऱ्हाडी निघाल्या असत्या! ब्लॅगबाईंनी एकेक नाव पडताळून १९१३ साली तौलनिक यादी छापली, आणि १९३५ साली म्युलर यांच्याबरोबर चंद्रावरच्या नावांची पहिली अधिकृत यादी पुरी केली. म्हणजे चंद्राचं सगळं दप्तर लावलं एका बाईनं, आणि त्या दप्तरात नावं पुरुषांची. पुढे तिच्याही नावाचं विवर झालं. जेमतेम पाच किलोमीटरचं.

मग बायांना जागाच दिली नाही का? दिली. शुक्रावर. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेनं ठरवलं की शुक्रावर, दोनतीन जुनी नावं सोडली तर, सगळी नावं बायांची किंवा देवींची. रेल्वेला मागं जोडलेला 'फक्त महिलांसाठी' डबा असतो ना, तसं. हेवेलिअसची एलिझाबेथ तिथे आहे, माहेरच्या नावानं. नवरा चंद्रावर, बायको शुक्रावर! आपल्याकडच्याही तिघी आहेत: डॉ. आनंदीबाई जोशी, मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये हयात घालवलेल्या डॉ. जेरूशा झिराड आणि पंडिता रमाबाई. रमाबाईंचं विवर शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण नकाशावर ते 'मेधावी' आहे. नवऱ्याचं आडनाव. महाराष्ट्रात कुणी रमाबाईंना मेधावी म्हणत नाही, आकाशात मात्र नोंद नवऱ्याच्याच नावानं.

डबा राखीव आहे म्हणून मी नाक मुरडत नाही. राखीव जागांचं मोल पंचायतीत निवडून आलेल्या बाईला विचारा. पण शुक्र सदा ढगांनी झाकलेला, त्याची जमीन दुर्बिणीतून दिसतच नाही, रडारनं शोधावी लागते. चंद्र रोज डोक्यावर असतो. कुणाला कुठे बसवलं यातही काही आहेच.

चंद्रावरचे भारतीय पाहा. आर्यभट, जगदीशचंद्र बोस, मेघनाद साहा, होमी भाभा, विक्रम साराभाई. आणि सी. व्ही. रामन. याच रामन यांनी १९३३ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत कमला भागवत या मुलीला, ती मुंबई विद्यापीठात पहिली आलेली असताना, केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. ती हटली नाही. शेवटी एक वर्षासाठी, अटी घालून तिला घेतलं गेलं. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या नीरेवर, डाळींच्या प्रथिनांवर, गरिबाच्या आहारावर काम करत राहिल्या. त्याच कमला सोहोनी. रामन मोठे शास्त्रज्ञ होते, त्यांचं विवर असावं. कमलाबाईंचं नाही. भारतात जन्मलेली मला चंद्रावर सापडली ती एकटी कल्पना चावला, २००६ साली नोंदलेली, आणि तीही चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, जी पृथ्वीवरून कधीच दिसत नाही.

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं तेव्हा आमच्या कार्यालयातही पेढे वाटले गेले. तीनच दिवसांनी उतरल्या जागेला 'शिवशक्ती' नाव दिलं आणि त्यातली शक्ती म्हणजे या मोहिमेतल्या महिला शास्त्रज्ञ असं सांगितलं गेलं. मार्च २०२४ मध्ये ते नाव जगाच्या नकाशावरही चढलं. मला ते रुचलं नाही. ज्यांनी काम केलं त्यांना माणसांची नावं आहेत. चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक मुथय्या वनिता होत्या, मोहीम संचालक रितू करिधाल. चांद्रयान-१ वरच्या ज्या उपकरणानं २००९ साली चंद्रावरच्या पाण्याची खूण पटवली त्याची प्रमुख होती अमेरिकेची कार्ले पीटर्स ही बाई. बाईला शक्ती म्हटलं, लक्ष्मी म्हटलं की तिचं नाव लिहायची गरज उरत नाही. घरातही असंच चालतं.

आमच्यातल्याच काहीजणी म्हणतात, लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तुम्ही चंद्रावरच्या नावांचं काय घेऊन बसलात? राग समजतो. पण नकाशात नसणं किती महाग पडतं हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? ३० सप्टेंबर १९९३ च्या आधी भूकंपाच्या नकाशात किल्लारीचा भाग सगळ्यांत सुरक्षित पट्ट्यात रंगवलेला होता. भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली, तेव्हा घरं जमिनीच्या मापानं दिली गेली: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना अडीचशे चौरस फूट, त्यावरच्यांना चारशे, मोठ्या जमीनदारांना साडेसातशे. घराचं माप सातबाऱ्यावरून, आणि सातबारा बाप्याचा. ढिगाऱ्यातून वाचलेल्या बाईनं आपण कोण हे कोणत्या कागदावरून सिद्ध करायचं?

महाराष्ट्रानं १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा दिला, २००५ साली देशानं दिला. तरी दिवाळीला माहेरी बोलावून साडीचोळी करायची आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, हे चालूच आहे. ओवाळणीच्या ताटातला भाऊ आणि उताऱ्यावरचा भाऊ वेगळे नसतात. चंद्रावरचं नाव मिळालं म्हणून शेत मिळणार नाही हे मलाही कळतं. पण "नाव काय करायचंय, काम झाल्याशी मतलब" हे वाक्य बाईला दोन्हीकडे ऐकावं लागतं, आणि मला त्याचा वीट आला आहे.

चंद्रावर नाव कसं लागतं तेही मुलींना सांगितलं. नाव सुचवता कुणालाही येतं, व्यक्ती जाऊन तीन वर्षं झालेली हवीत, पण अभ्यासासाठी गरज असेल तिथेच विवराला नाव मिळतं. म्हणजे त्या विवराचा नकाशा जो अभ्यासतो तोच बहुधा नाव मागतो. चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्यानं चंद्राची जमीन पाव मीटरपर्यंत बारीक टिपली आहे आणि ती छायाचित्रं अभ्यासकांना खुली आहेत. नांदेडच्या विद्यापीठातली भूगोलाची, भूशास्त्राची मुलगी त्यांवर काम करू शकते. तिला बी.एस्सी.नंतर घरी बसवलं नाही तर.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मुलींनी दोन नावं काढली, इरावती कर्वे आणि कमला सोहोनी. पत्राचा मसुदा लिहायला बसल्या आणि दुसऱ्या नावावर अडल्या. रामन यांनी नाकारलं तेव्हा त्या भागवत होत्या, मग विवराला नवऱ्याचं आडनाव का? दुसरी म्हणाली, जग त्यांना सोहोनी म्हणूनच ओळखतं. तिसरी म्हणाली, नुसतं 'कमला' लिहू. तेव्हा नववीतली तीच मुलगी नकाशाकडे बोट दाखवून म्हणाली, तिथे सुसान, कॅथलीन अशी नुसती नावं आहेत, आणि ती कुणाचीच नाहीत म्हणे. मग आपली कमला कुठली, हे कसं कळणार? पत्र अजून गेलेलं नाही.