पदवीनंतरचे पहिले चार हंगाम

कृषी पदवीच्या आठव्या सत्राची परीक्षा आटोपून मुलगा किंवा मुलगी घरी येते, तेव्हा बहुधा मृगाचा पाऊस तोंडावर आलेला असतो. वडील बियाणे, खते आणि पीककर्जाच्या नूतनीकरणाच्या धावपळीत असतात, आई मजुरांची जुळवाजुळव करीत असते. घरी परतलेल्या पदवीधराला पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न ऐकावा लागतो : ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न विचारणारे बहुतेक वेळा शेजारी किंवा पाहुणे असतात. आईवडील तो विचारायचे टाळतात, कारण मुलावर दडपण येईल अशी त्यांना धास्ती असते. मुलगाही मनातले बोलत नाही, कारण त्यामुळे वडिलांचे मन मोडेल असे त्याला वाटते. या परस्परांच्या संकोचात शेतकरी कुटुंबांतील अनेक तरुणांची पदवीनंतरची मोलाची वर्षे हातची निघून जातात.

शेतकरी पालक पाठबळ देण्यात कमी पडतात, असे कोणी म्हणू शकणार नाही. मुलाच्या खोलीभाड्यासाठी दुभती म्हैस विकणारे, मुलीच्या वसतिगृहाच्या शुल्कासाठी कापूस पडत्या भावात देऊन टाकणारे पालक प्रत्येक गावात आहेत. उणीव आहे ती वेगळ्या ठिकाणी. हे पाठबळ पैशाच्या रूपाने दिले जाते, परंतु त्याबरोबर घरची खरी परिस्थिती सांगितली जात नाही, मुदत ठरविली जात नाही आणि निर्णयात वाटा दिला जात नाही. शेतात कोणतेही पीक घेताना कालावधी, खर्च आणि अपेक्षित उत्पन्न यांचा विचार करणारा शेतकरी, मुलांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या गुंतवणुकीच्या बाबतीत मात्र ‘बघू’ या एका शब्दावर वर्षे काढतो. हे बदलणे गरजेचे आहे आणि ते शक्यही आहे.

‘शेतीत राहू नको’ यामागचा अनुभव

‘आमचे गेले, तू तरी यातून बाहेर पड,’ असे सांगणाऱ्या पालकांवर शेतीविषयी उदासीन असल्याचा आरोप सहज केला जातो. तो न्याय्य नाही. कृषी गणनेनुसार देशातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये २.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.०८ हेक्टरवर आले. महाराष्ट्रात याच काळात हे क्षेत्र ४.२८ हेक्टरवरून १.३४ हेक्टरपर्यंत घटले. म्हणजे आजोबांच्या वेळी ज्या शेतावर एक कुटुंब पोसले जात होते, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी क्षेत्र आज सरासरीने एका खातेदाराच्या वाट्याला येते. त्यात पावसाची आणि बाजारभावाची अनिश्चितता. अशा अनुभवातून गेलेल्या आईवडिलांनी मुलांसाठी दरमहा ठरलेल्या तारखेला येणाऱ्या पगाराची इच्छा धरावी, यात अज्ञान नाही.

कृषी विस्ताराच्या व्यासपीठावरून ‘युवकांनी शेतीकडे वळावे’ असे आवाहन करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. आवाहन करणाऱ्यांपैकी अनेकांची स्वतःची मुले अन्य क्षेत्रांत स्थिरावलेली असतात आणि समोर बसलेल्या शेतकऱ्याला ते ठाऊक असते. म्हणून शेतीत राहावे की नोकरी धरावी, याचे एकच उत्तर सर्व घरांना सांगता येणार नाही. ते उत्तर कोणत्या पद्धतीने शोधावे, हे मात्र सांगता येते.

घरचा हिशेब घरातच उघडावा

कृषी पदवीच्या अंतिम वर्षात ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमांतर्गत विद्यार्थी गावात राहतात. कृषीदूत आणि कृषीकन्या म्हणून गावकरी त्यांना ओळखतात. यजमान शेतकऱ्याच्या शेताची पाहणी करणे, पीकनिहाय जमाखर्च मांडणे, माती परीक्षणाचे महत्त्व पटवून देणे ही कामे ते मनापासून करतात. मात्र परक्या शेतकऱ्याचा ताळेबंद मांडणाऱ्या यांपैकी किती विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरी पीककर्ज किती आहे, सोसायटीची थकबाकी आहे काय, सातबाऱ्यावर कोणता बोजा आहे, हे माहीत असते? बहुतेक घरांत ही माहिती मुलांपासून जपून ठेवली जाते. ‘त्याचे अभ्यासात लक्ष लागणार नाही,’ हे त्याचे कारण सांगितले जाते.

या मायेची किंमत पुढे मोजावी लागते. घरी अडचण नाही असे समजणारा मुलगा आणखी एक वर्ष मागतो. घरी मोठी अडचण असावी अशी केवळ शंका असलेली मुलगी मिळेल ती पहिली नोकरी स्वीकारते आणि पदव्युत्तर शिक्षणाचा विचार सोडून देते. दोघांचेही निर्णय अपुऱ्या माहितीवर झालेले असतात. पदवीचे शिक्षण पूर्ण केलेली व्यक्ती प्रौढ असते, मतदान करते, करार करू शकते. तिला घराचा ताळेबंद समजण्याची कुवत नाही, असे मानणे योग्य नव्हे. पदवीचा निकाल लागल्यानंतर एका निवांत संध्याकाळी बँकेचे पासबुक, कर्जाचे कागद आणि मागील दोन वर्षांचा शेतीचा जमाखर्च घेऊन कुटुंबाने एकत्र बसावे. पालक देऊ शकतील असे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचे पाठबळ आहे.

शैक्षणिक कर्ज घेतलेल्या कुटुंबांना तर हे टाळताच येणार नाही. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार अभ्यासक्रमाचा कालावधी आणि त्यानंतरचे एक वर्ष एवढी परतफेडीची सवलत मिळते. या काळात व्याजाची आकारणी चालूच असते आणि पालक सहकर्जदार असतात. सवलतीचे ते एक वर्ष कधी संपते, ही तारीख घरातील प्रत्येकाला माहीत असावी.

स्पर्धा परीक्षा : वयोमर्यादा आणि घरची मुदत

पुण्याच्या पेठांतील अभ्यासिका असोत, दिल्लीचे मुखर्जीनगर असो की प्रयागराज, शेतकरी कुटुंबांतील हजारो तरुण तेथे वर्षानुवर्षे तयारी करीत आहेत. कृषी पदवीधर त्यांत मोठ्या संख्येने दिसतात. परीक्षेची तयारी करणे गैर नाही, अनेक उत्तम अधिकारी याच मार्गाने आले आहेत. अडचण होते ती मुदत न ठरविल्यामुळे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा साधारणतः ३८ वर्षे आहे, तर संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेसाठी खुल्या प्रवर्गात ३२ वर्षे आणि ६ संधी. कायद्याने प्रयत्न करता येईल अशी ही कमाल मर्यादा आहे. तोपर्यंत प्रयत्न करीतच राहावे, असा सल्ला त्यात नाही. कुटुंबाची आर्थिक आणि उमेदवाराची मानसिक ताकद त्याआधीच संपू शकते. जाहिराती लांबतात, परीक्षा पुढे ढकलल्या जातात, निकाल न्यायालयात अडकतात. यांपैकी कोणतीही गोष्ट उमेदवाराच्या हातात नसते.

म्हणून तयारीला पाठवतानाच मुदत ठरवावी. किती परीक्षा, किती वर्षे, दरमहा किती खर्च आणि यश न आल्यास पुढचे पाऊल कोणते, हे कागदावर लिहून ठेवावे. ही मुदत पालकांनी लादू नये, मुलाने स्वतः सुचवावी आणि सर्वांनी मान्य करावी. मुदत आधीच ठरलेली असली की परत येणे पराभव वाटत नाही. ठरल्याप्रमाणे हंगाम बदलला, एवढाच त्याचा अर्थ उरतो. मुदत नसलेल्या घरात मात्र परत येण्याची लाज इतकी वाढते की मुलगा सणालाही गावी येईनासा होतो. तसे झाले तर ‘अभ्यास कसा चालला आहे’ याआधी ‘झोप लागते का, जेवतोस का’ हे पालकांनी विचारावे. गरज भासल्यास संकोच न करता वैद्यकीय सल्ला घ्यावा. पिकावर रोग दिसताच कृषी विज्ञान केंद्राकडे धाव घेणाऱ्या कुटुंबाने मुलाच्या मनाच्या बाबतीत थांबून राहू नये.

तयारीच्या काळात दुसरी वाटही मोकळी ठेवावी. चार वर्षांच्या कृषी पदवीवर बँकांच्या कृषी क्षेत्र अधिकारी पदाची परीक्षा देता येते, मात्र तिची वयोमर्यादा ३० वर्षे आहे. मोठ्या परीक्षेच्या नादात ती संधी निसटून जाते. पदव्युत्तर प्रवेश परीक्षा, बियाणे व निविष्ठा कंपन्या, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे व्यवस्थापन, कृषी सेवा केंद्र याही वाटा आहेत. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी विहित शैक्षणिक पात्रता आवश्यक झाल्यापासून कृषी पदवीला गावपातळीवरही वेगळे मोल आले आहे.

शेतीत परतणाऱ्याला अधिकार हवा

काही तरुण स्वेच्छेने शेतीत परततात. त्यांच्या वाट्याला अनेकदा वेगळीच अडचण येते. पदवीधर मुलगा दिवसभर शेतात राबतो, परंतु वाण कोणते घ्यावे, माल कोठे विकावा, ठिबक बसवावे की नाही, हे सारे वडीलच ठरवतात. खिशात दहा रुपयांसाठीही त्याला हात पसरावा लागतो. दोन वर्षांत तो कंटाळतो आणि ‘शेतीत काही नाही’ असा निष्कर्ष काढून शहर गाठतो. त्याला शेतीने नाकारले असे म्हणण्यापेक्षा घराने अधिकार नाकारला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

यावर सोपा उपाय आहे. वीस गुंठ्यांचा एक तुकडा, एखादा शेळीपालनाचा गोठा, रोपवाटिका किंवा शेडनेट असा एक उद्योग पूर्णपणे त्याच्या किंवा तिच्या हाती द्यावा. दोन खरीप आणि दोन रब्बी, असे चार हंगाम द्यावेत. सुरुवातीचे भांडवल किती ते ठरवावे, स्वतंत्र बँक खाते आणि नोंदवही ठेवावी. या काळात पालकांनी सल्ला जरूर द्यावा, मात्र निर्णय बदलू नये. पहिल्या हंगामात तोटा झाला तर ‘मी सांगितले होते’ हे वाक्य टाळावे. चार हंगामांनंतर नोंदवही उघडून पुढचे ठरवावे. वीस गुंठ्यांतील तोटा कुटुंब पेलू शकते. संपूर्ण शेत गहाण ठेवून उभारलेल्या उद्योगातील तोटा पेलणे कठीण असते.

मोठ्या भांडवलाचा विचार याच्या नंतर यावा. कृषी पदवीधरांसाठी २००२ पासून कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना राबविली जाते. तिच्यात ४५ दिवसांचे निवासी प्रशिक्षण आणि प्रकल्प कर्जावर ३६ टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींसाठी ४४ टक्के अनुदानाची तरतूद आहे. तथापि हे अनुदान कर्जाशी जोडलेले असून ते अखेरीस कर्जखात्यात समायोजित होते, आरंभी हाती पडत नाही. केवळ अनुदानाकडे पाहून प्रकल्प आखू नये आणि अर्ज करण्यापूर्वी चालू अटी तपासाव्यात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा २०१५-१६ मध्ये सुरू झालेला ‘आर्या’ प्रकल्पही कृषी विज्ञान केंद्रांमार्फत ग्रामीण युवकांना अशाच लहान उद्योगांचे प्रशिक्षण देतो.

मुलीला तेवढीच वर्षे

वरील सर्व विवेचन मुलींनाही तंतोतंत लागू आहे, प्रत्यक्षात मात्र तसे घडत नाही. कृषी महाविद्यालयांत मुली मोठ्या संख्येने शिकतात, पदके मिळवतात. पदवीनंतर मुलाला तयारीसाठी तीन वर्षे देणारे घर मुलीला बहुधा एकच वर्ष देते, तेही ‘स्थळ येईपर्यंत’ या अटीवर. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. वीस गुंठ्यांचा प्रयोग मुलीच्या हाती देणारी घरे मात्र आजही विरळ आहेत. मुलाला जेवढी वर्षे, जेवढा पैसा आणि जेवढ्या चुका करण्याची मुभा, तेवढीच मुलीला, हा साधा नियम प्रगतिशील शेतकऱ्याच्या घराची ओळख व्हावा.

विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका

कृषी विस्ताराने आजवर शेतकरी हा घटक मानला. यापुढे शेतकरी कुटुंब हा घटक मानावा लागेल. शेती पुढे कोण करणार, हा प्रश्न वाण आणि खतमात्रेइतकाच तांत्रिक आहे. कार्यानुभव कार्यक्रमाच्या समारोपाला विद्यार्थ्यांच्या पालकांना बोलावता येईल. यजमान शेतकऱ्याबरोबरच स्वतःच्या घरच्या शेतीचा ताळेबंद मांडण्याचे काम विद्यार्थ्याला देता येईल, तो इतरांसमोर सादर करण्याची सक्ती न करता. शेतकरी मेळाव्यात पीक मार्गदर्शनानंतर अर्धा तास पदवीधर मुलांच्या पालकांसाठी राखून ठेवता येईल. तेथे यशस्वी अधिकाऱ्यांबरोबरच मुदतीत माघार घेऊन दुसऱ्या वाटेने स्थिरावलेल्या तरुणांनाही बोलते करावे. त्यांचा अनुभव अधिक घरांच्या उपयोगी पडेल.

पुढच्या जूनमध्येही परीक्षा आणि पेरणी एकाच वेळी येतील. पेरणीची घाई थांबवता येत नाही, परंतु वाफसा येण्याची वाट पाहताना दोन दिवस मोकळे मिळतातच. त्या दोन दिवसांत पासबुक आणि नोंदवही घेऊन आईवडील मुलांसह एकत्र बसले, तर ‘आता पुढे काय?’ या प्रश्नाचे उत्तर शेजाऱ्यांना देण्याआधी घराला सापडेल.