भांड्याच्या बुडाचे नाव

अमेरिकेत शेजारधर्म नाही, असे आपल्याकडे एक ठाम मत आहे. हे मत बहुधा न्यूयॉर्क किंवा शिकागो पाहून आलेली मंडळी देतात. लहान गावांबद्दल ती काही बोलत नाहीत, कारण तिथे ती उतरलेलीच नसतात.

आमची भाची मात्र तशा एका गावात दहा महिने राहून आली. ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ या संस्थेच्या स्वयंसेवकांनी दोन्ही महायुद्धांत जखमींना रुग्णवाहिकांतून वाहून नेले आणि १९४७ साली शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली. मुले परक्या देशातल्या घरात राहिली, तर पुढे रुग्णवाहिका कमी लागतील, हा त्यामागचा हिशेब. मूल ठेवून घेणारे कुटुंब त्याचे पैसे घेत नाही.

भाचीच्या वाट्याला मिनेसोटा राज्यातले गाव आले. मक्याची शेते, एक शाळा, दोन चर्च आणि आगीचा बंब. बंबावरची माणसे बिनपगारी! भोंगा वाजला की दुकानदार, शेतकरी, शाळेच्या बसचा ड्रायव्हर हातचे काम टाकून धावत. त्या देशातले निम्म्याहून अधिक बंबवाले असे स्वयंसेवकच आहेत. चर्चच्या तळघरात गावजेवण असले की ज्याने त्याने एकेक पदार्थ घरून आणायचा.

फेब्रुवारीत माझी आई, म्हणजे तिची आजी, गेली. इकडे घर माणसांनी भरले. आई कशी गेली, हे मी पन्नास वेळा सांगितले आणि सांगता सांगताच ते सोसले. तिकडे पोर एकटी. फोनवर रडत म्हणाली, “मामा, इथं कोणी बसतच नाही हो!”

माणसे बर्फातून येत, झाकलेले भांडे हातात ठेवत, दोन शब्द बोलून निघून जात. भांड्यात ‘हॉटडिश’, म्हणजे वर बटाटे पसरून भट्टीत भाजलेला त्यांचा रोजचा पदार्थ. भाची मांस खात नाही, हे ध्यानात ठेवून भाज्या घातलेला. अशी सहा भांडी जमली. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचे नाव.

इकडे चौदाव्याचे गोड जेवण झाले आणि एका दिवसात घर रिकामे झाले. पुढे कोणी फिरकले नाही. त्याच आठवड्यात तिकडे यजमानीणबाईंनी भांडी परत करायला गाडी काढली. भांडे रिकामे परत करायचे नाही, ही आमच्या आईची शिस्त. भाचीने रव्याचा शिरा केला आणि सहाही भांड्यांत घातला.

पहिल्या दारी बाईंनी तिला आत ओढले, स्वयंपाकघरात टेबलाशी बसवले, कॉफी पुढे केली आणि विचारले, “आता सांग, कशी होती तुझी आजी?” सहा घरी हेच. परतायला रात्र झाली. एका बाईंनी शिऱ्याची कृती लिहून घेतली आणि कागदावर वर माझ्या आईचे नाव घातले.

दुःख ताजे असताना माणसाला एकटे सोडावे, ही त्यांची रीत. सोडू नये, ही आपली. यातली बरी कोणती, असे मी भाचीला परवा विचारले.

“मामा,” ती म्हणाली, “पहिले तेरा दिवस आपल्याकडचे. पंधराव्यापासून त्यांचे.”