याला काढा, त्याला घ्या

दर आठवड्याला या सदरात मी घरातल्याच गोष्टी लिहिते, आणि दिवाळी अंकात तरी काही वेगळे लिहा, असे संपादक दरवर्षी सुचवतात. तर यंदा खेळावर लिहिते. हसू नका. जिला क्रिकेटमधली गली म्हणजे एखादा बोळ वाटतो, तिने कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीवर लिहावे हे जरा अतीच आहे. पण २०२४ साली लेकीच्या बाळंतपणासाठी टोरांटोला गेले, आणि तिथे बाळाच्या रडण्यापेक्षा एका वाक्याने माझी झोप अधिक मोडली. ते वाक्य म्हणजे ‘याला काढा!’

ओरडणारे आमचे जावई. मूळचे डोंबिवलीचे. तिकडे गेले तेव्हा हॉकी म्हणजे ध्यानचंदांची, एवढेच त्यांना ठाऊक होते. आता टोरांटो मेपल लीफ्स या धंदेवाईक संघाचे असे कडवे भक्त झाले आहेत, की एरवी बाळ झोपले म्हणून चपला हातात घेऊन चालणारा हा गृहस्थ सामना सुरू झाला की मुलगा झालाय हेच विसरतो. बिचाऱ्यांचाही दोष नाही. या खेळात जिंकायचा तो स्टॅन्ली कप, आणि टोरांटोने तो शेवटचा जिंकला १९६७ साली. त्यानंतर दरवर्षी सारे शहर नवस बोलते आणि दरवर्षी नवस तसाच राहतो. मग घरोघरी एकच चर्चा, चुकले कोण?

एका रात्री मी विचारले, “अहो, अकरा जणांत एवढं काढण्या-घालण्यासारखं असतं तरी काय?”

“आई, अकरा नाहीत, वीस!” असे म्हणून त्यांनी मी लेकीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा ओढला आणि जेवणाच्या टेबलावर लाडू मांडायला घेतले. आघाडीच्या तीन-तीनांच्या चार फळ्या. बचावाच्या दोन-दोनांच्या तीन जोड्या. शिवाय दोन गोली. यांतले बर्फावर एका वेळी सहाच जण, तीन आघाडीचे, दोन बचावाचे आणि एक गोली. स्केट्सवर ते इतक्या वेगाने धावतात की पाऊण मिनिटात दम संपतो. मग ते कठडा ओलांडून बाकावर येतात आणि दुसरे आत उड्या टाकतात, तेही खेळ न थांबवता. कोणाच्या जोडीला कोण आणि कोणासमोर कोण, यातच निम्मा डाव. खेळ थांबला की पाहुण्या संघाने आपली माणसे आधी पाठवायची आणि यजमानांनी मागाहून. म्हणजे त्यांचा हुकमी गडी उतरलेला पाहून आपण त्याच्यावर आपला राखणदार सोडावा. हे मात्र मला चटकन कळले. लग्नाच्या पंगतीत कोणत्या आत्याबाईंशेजारी कोणाला बसवायचे, हे मी आयुष्यभर याच तत्त्वावर ठरवत आले आहे.

“आणि हे तीन?” डब्यातल्या उरलेल्या लाडवांकडे बोट दाखवून मी विचारले.

“संघ तेवीस जणांचा असतो. उरलेले तिघे कोट-टाय लावून वर बसतात.”

मग त्यांनी पहिल्या फळीतला उजवीकडचा लाडू उचलला. “हा मार्नर. याला काढा!” म्हणाले, आणि तो तोंडात टाकला. समोर बसलेला अकरा वर्षांचा नातू न बोलता उठून गेला. त्याच्या अंगातल्या सदऱ्यावर पाठीमागे सोळा आकडा होता आणि वर मार्नरचे नाव होते.

हा मिच मार्नर टोरांटोच्याच परिसरातला मुलगा. त्या हंगामात ६९ सामन्यांत त्याचे ८५ गुण झाले होते. स्वतः गोल केला की एक गुण आणि ज्याच्या पासवरून गोल झाला त्यालाही एक, असा तिथला हिशेब. मार्नर मुख्यतः पास देणारा. पण साखळी संपून बाद फेरी सुरू झाली की तो कुठे दिसतच नाही, ही जावयांची तक्रार. आणि बॉस्टनविरुद्धच्या त्या सात सामन्यांत त्याचे गुण झाले अवघे तीन, हेही खरे. तक्रारीचा दुसरा भाग पैशाचा. साऱ्या संघाच्या पगाराला त्या वर्षी ८ कोटी ३५ लाख डॉलरची मर्यादा होती, आणि त्यातले जवळजवळ निम्मे आघाडीच्या चौघांत जात होते, त्या चौघांतला मार्नर एक. “आई, निम्मा पगार चार वस्तूंवर गेला तर डाळ-तांदळाला काय उरणार?” असे त्यांनी विचारल्यावर मला क्षणभर त्यांची बाजू पटली.

नातवाचे वकीलपत्र त्याने स्वतःच घेतले होते. संघातला मोठा गोल घालणारा मॅथ्यूज. त्याने त्या हंगामात ६९ गोल केले होते. तो आजारी पडून दोन सामन्यांना मुकला. नायलँडर पहिले तीन सामने नव्हता. “पास यानं द्यायचा आणि गोल दुसऱ्यानं करायचा. दुसराच नसला तर पास चुकला का?” यावर बाप म्हणाला, मॅथ्यूज नव्हता तेच दोन सामने आपण जिंकलो! यावर पोराला उत्तर सुचेना. प्रतिस्पर्ध्याचा एक गडी शिक्षेवर बाहेर असताना आपण पाच आणि ते चार अशी जी सोन्यासारखी संधी मिळते, तीत टोरांटोने त्या सात सामन्यांत २१ पैकी एकदाच गोल केला. त्याचा दोष एकट्याच्या माथी कसा मारायचा, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. पण राग एका नावावर काढता आला की बरे वाटते, हे घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला सांगायला नको.

शेजारचे म्हातारेबुवा संध्याकाळी चहाला येत. त्यांनी १९६७ चा संघ पाहिला होता. त्या हिवाळ्यात लीफ्स ओळीने दहा सामने हरले होते. संघात म्हातारेच फार. गोली बाऊर बेचाळीस वर्षांचा, बचावातला स्टॅन्ली एक्केचाळीसचा. पण अखेरच्या सामन्यात, शेवटच्या मिनिटाला एका गोलाची आघाडी टिकवायची होती, तेव्हा कोच इमलॅक याने तरुणांना बाकावर ठेवून हेच जुने गडी उतरवले. त्यांनी पक जिंकला आणि कर्णधार आर्मस्ट्राँगने मॉन्ट्रियलच्या मोकळ्या गोलात घातला. ३-१!

“आणि त्याच्या उलट १९४२,” म्हातारेबुवा म्हणाले. ही गोष्ट त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलेली. अंतिम फेरीत डेट्रॉइटने पहिले तिन्ही सामने जिंकले होते. आणखी एक हरला की खेळ खलास. कोच हॅप डे याने चौथ्या सामन्याला गॉर्डी ड्रिलनला बसवले. ड्रिलन म्हणजे साधासुधा गडी नव्हे. १९३७-३८ च्या हंगामात साऱ्या लीगमध्ये त्याचे गुण सर्वाधिक होते, आणि टोरांटोच्या दुसऱ्या कोणाला तो मान त्यानंतर अजून मिळालेला नाही. तो गोलाजवळ उभा राहून दुसऱ्याने मारलेला पक काठीने वळवून आत घाली. लोक म्हणत, याला सगळे आयतेच मिळते. त्याच्याबरोबर बचावातला मॅकडोनाल्डही बसला. आत आले डॉन मेट्झ आणि हँक गोल्डप, फारसे कोणाला ठाऊक नसलेले. एका चौदा वर्षांच्या मुलीने धीर देणारे पत्र धाडले होते, ते कोचने खेळाडूंना वाचून दाखवले असे सांगतात. टोरांटोने तो सामना ४-३ ने जिंकला. पाचव्यात मेट्झने एकट्याने तीन गोल केले, ९-३. मग सहावा आणि सातवाही घेतला. अंतिम फेरीत तीन सामने मागे पडून कप जिंकणारा दुसरा संघ अजून झालेला नाही.

“बघ!” जावयांनी टेबलावर हात आपटला. “काढलं म्हणून जिंकले!”

नातवाने इंग्रजीत म्हाताऱ्यांना विचारले, “मग ड्रिलनचं काय झालं?”

म्हातारेबुवांनी कप बशीत ठेवला. ड्रिलन पुन्हा टोरांटोकडून कधीच खेळला नाही, म्हणाले. त्याच वर्षी त्याला मॉन्ट्रियलला देऊन टाकले. तिथे एक हंगाम खेळून तो सैन्यात गेला. १९७५ साली त्याचे नाव हॉकीच्या मानकऱ्यांत घातले गेले. नातवाने आणखी काही विचारले नाही.

तिथे मुलांच्या हॉकीलाही वसंतात निवडी असतात. पुढच्या हंगामाच्या संघासाठी मुले तीन-चार दिवस बर्फावर खेळतात, कोच कठड्याशी कागद घेऊन उभे राहतात आणि मग यादी निघते. जावई रोज पहाटे पोराला गाडीतून घेऊन जात. मी एक दिवस गेले होते. बंदिस्त मैदानातल्या त्या गारठ्यात दोन शाली घेऊनही माझे दात वाजत होते, आणि कठड्यापाशी उभे असलेले बाप एकमेकांच्या मुलांकडे ज्या नजरेने पाहत होते ती आपल्याकडे दहावीच्या निकालाच्या दिवशी पाहायला मिळते.

यादी शनिवारी, ४ मे रोजी सकाळी फोनवर आली. जावयांनी ती तीनदा वरपासून खालपर्यंत वाचली. मग नातवाने फोन मागून घेतला आणि एकदाच वाचली. लेक आतल्या खोलीत बाळाला घेऊन होती, तिने हाक मारून विचारले, “काय झालं?” कोणीच उत्तर दिले नाही, तेव्हा तिला कळले. दुपारी मी पुरणपोळी केली. खाल्ली, पण दोन घासांत उठला.

त्याच संध्याकाळी बॉस्टनला सातवा सामना होता. दोघेही नेहमीच्या जागी बसले. पोराच्या अंगात तोच सदरा. दुसऱ्या सत्रात कधीतरी मार्नरच्या काठीवरून पक निसटला. जावयांनी सवयीने हात वर केला, तोंड उघडले आणि तसेच राहिले. घरात नुसता टीव्हीचा आवाज.

“म्हणा ना, बाबा,” नातू पडद्याकडेच पाहत म्हणाला.

जावई काही म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने उठून त्याच्या शेजारी सोफ्यावर जाऊन बसले. मी आत जाऊन बाळाची दुपटी घड्या घालत बसले, त्यामुळे नायलँडरचा गोल, बॉस्टनची बरोबरी आणि जादा वेळेतला पास्टरनॅकचा गोल मी फक्त ऐकला. टोरांटो २-१ ने हरले. पाच दिवसांनी त्यांनी कोच कीफलाच काढले.

मार्नरला लगेच काढले नाही. पुढच्या हंगामात त्याने १०२ गुण केले, आणि मे २०२५ मध्ये फ्लॉरिडाविरुद्ध दोन सामन्यांची आघाडी घेऊनही टोरांटो सातव्या सामन्यात घरच्या मैदानावर ६-१ ने हरले. प्रेक्षकांनी अंगावरचे सदरे काढून बर्फावर फेकले. उन्हाळ्यात मार्नर लास व्हेगासच्या संघात गेला. मी पुण्याला हे सारे फोनवर ऐकत होते. जावई म्हणाले, “गेला एकदाचा,” पण म्हणताना आवाज काही विजयाचा नव्हता. १९४२ चा हॅप डे बरोबर होता हे मला मान्य आहे. कप त्याने जिंकून दाखवला. पण त्या पोराने जो प्रश्न विचारला तो त्याने विचारला नसता तर मीही टाळीच दिली असती.

नातू आता दुसऱ्या, जरा खालच्या गटातल्या संघात बचावाला खेळतो. सोळा आकड्याचा सदरा त्याला आखूड झाला, म्हणून धाकट्याला घालतात. त्याच्या तो पावलांपर्यंत येतो आणि तो त्यात अडखळून पडतो, असे लेक सांगत होती. या दिवाळीला कोणीतरी तिकडे जाणार आहे, त्यांच्याबरोबर लाडू पाठव, वीसच पाठव, असे नातवाने मला बजावले. मी तेवीस केले आहेत.