वॉर्निंग गेली, सर्किट मेलेलंच राहिलं

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक वाईट खोड असते. एरर आली की धावत जाणार, पण वॉर्निंग? 'चालतंय ना? मग राहू दे.' ही खोड मी शनिवार-रविवारच्या इलेक्ट्रॉनिक्समध्येही नेली आणि तोंडावर आपटलो.

झालं असं, की मी एक छोटा करंट सोर्स बनवत होतो, स्वतःच स्वतःला बायस करणारा. डावी बाजू उजवीकडचा करंट बघून आपला ठरवते, उजवी डावीकडचा बघून. गंमत म्हणजे दोन्हीकडे हवा तेवढा करंट असला तरी गणित सुटतं, आणि दोन्हीकडे शून्य असला तरीही! स्पाइसमध्ये (१९७३ साली बर्कलेच्या नेगल आणि पेडरसन यांनी जगापुढे ठेवलेला सिम्युलेटर, आजचे बरेचसे त्याच घराण्यातले) रन केलं, तर आउटपुट शून्य. मग 'डॉट आयसी'ची एक ओळ टाकली: या नोडवर सुरुवातीला इतके व्होल्ट आहेत असं धर. लगेच झकास ग्राफ.

नंतर सर्किटमध्ये दोन वायरी हलवल्या. नोडला सिम्युलेटरनेच दिलेलं नाव होतं, ते बदललं. वॉर्निंग आली, की ज्याला इनिशियल कंडिशन दिलीय तो नोडच सापडत नाही. आउटपुट पुन्हा शून्य. मी नाव दुरुस्त केलं, वॉर्निंग गायब, ग्राफ हजर. खूश!

मग खरा बोर्ड जोडला. ५ व्होल्ट दिले... काहीच नाही. मीटरचा प्रोब एका पायाला लावला की मात्र चालू व्हायचा.

तेव्हा ट्यूब पेटली. डॉट आयसी म्हणजे बंद पडलेल्या स्कूटरला मारलेला धक्का. सिम्युलेटर शून्याव्या क्षणी तो नोड धरून ठेवतो आणि मग सोडून देतो. बोर्डवर धक्का मारायला कोण येणार? ती वॉर्निंग खरं तर सांगत होती, 'आज धक्का देणारा आला नाही, आणि गाडी बंद आहे.' मी धक्का देणाऱ्याला परत बोलावलं, गाडी तपासलीच नाही.

म्हणजे डॉट आयसी वाईट का? मुळीच नाही. ऑसिलेटरला खऱ्या जगात नॉइज सुरू करतो, साध्या ट्रान्झियंट रनमध्ये तो नॉइज नसतो, तिथे थोडा धक्का रास्तच आहे. प्रश्न एकच विचारायचा: हे काम बोर्डवर कोण करणार? उत्तर नसेल तर ती ओळ म्हणजे स्वतःशी मारलेली थाप. 'यूआयसी'चंही तेच. तो सुरुवातीचा डीसी हिशोबच टाळतो, म्हणून कुरकुर थांबते. दोन कपॅसिटरच्या मधला नोड लोंबकळत असेल तर यूआयसीने तो झाकू नका. तिथून ग्राउंडला १ गिगाओहम लावा आणि खरी गळती किती असेल याचा विचार करा.

आता माझा नियम असा: महत्त्वाच्या नोडना नावं आपण द्यायची, आणि शेवटचा रन डॉट आयसी काढून, सप्लाय ० पासून हळूहळू ५ व्होल्टपर्यंत चढवत करायचा. मी तसा केला, सर्किट मेलेलंच दिसलं. सुरुवातीला थोडा करंट सोडणारा एक मोठा रेझिस्टर टाकला, आणि बोर्ड स्वतःहून उठला.

असो. सोमवारी ऑफिसात बिल्ड लॉगमध्ये वॉर्निंगांची रांग वाट बघतेय. या वेळी वाचणार आहे... निदान पहिल्या दहा तरी!