फुकट नव्हे, मुक्त!

'फुकट' म्हटलं की पुणेकराचे कान टवकारतात, असं बाकीचा महाराष्ट्र म्हणतो. म्हणू दे बापडा! पण फुकट मिळालेल्या वस्तूवर पुणेकराचा चटकन विश्वास बसत नाही, हे त्याला कुठे ठाऊक असतं? जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेण्यासाठी 'ऑडॅसिटी' नावाचं सॉफ्टवेअर आहे आणि त्याला एक पैसा पडत नाही, असं मी ज्या ज्या मैत्रिणीला सांगितलं, तिने आधी हेच विचारलं, "मग त्यात त्यांचा फायदा काय?"

प्रश्न रास्त आहे. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेत, त्यामुळे तिकडच्या मंडळींना सारखा खुलासा करत बसावं लागतं. आपली त्या बाबतीत चैन आहे. फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. गाण्यांची कितीतरी अ‍ॅप फुकट असतात, म्हणजे जाहिराती ऐकायची तयारी असेल तर. मुक्त मात्र नसतात. ऑडॅसिटी मुक्त आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ मध्ये ते लिहायला घेतलं आणि २००० साली सगळ्यांसाठी खुलं केलं. नुसता पदार्थ नव्हे, कृतीसकट! जाऊबाईंकडून भाजणीची कृती घ्यावी, आपल्या चवीने मूठभर धने वाढवावेत आणि शेजारणीला ती लिहून द्यावी, तसं. २०२१ मध्ये म्यूझ ग्रुप नावाच्या कंपनीने ऑडॅसिटी घेतलं, पाठोपाठ खासगी माहितीबद्दलच्या नव्या अटींवरून गदारोळ झाला. तेव्हा काही जणांनी तीच कृती उचलली आणि 'टेनॅसिटी' नावाची वेगळी चूल मांडली. कंपनीला त्यांना अडवता येत नाही, मुक्त म्हणतात ते हेच.

फुकटाचं तसं नसतं. दुकानदाराने शटर ओढलं की आपण रस्त्यावर. २०२० मध्ये गूगल प्ले म्युझिक बंद झालं. २०२४ मध्ये एअरटेलने विंक बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा अ‍ॅपमध्ये आपण 'डाउनलोड' करून ठेवलेली गाणी आपली कधी नव्हतीच. ती भाड्याच्या घरातली फुलझाडं.

माझी भाची म्हणते, "अगं मावशी, टाकून दे ना त्या कॅसेटी. सगळं मिळतं आता फोनवर."

सगळं? गीतरामायणाचंच बघा. पुणे आकाशवाणीवरून १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर ते आठवड्याला एक गीत याप्रमाणे लागलं, एकूण ५६ गीतं. शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या. पण मूळच्या त्या प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे कितीतरी गळे होते. पुढे घराघरांत रुजलं ते मुख्यतः सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातलं. दोन्ही आपापल्या जागी थोर, प्रश्नच नाही. पण इतकं गाजलेलं गाणंसुद्धा आपल्यापर्यंत कोणत्या रूपात पोचावं हे दुसरंच कोणीतरी ठरवतं. मग न गाजलेल्याची काय कथा?

आणि आपल्या माळ्यावर नेमकं तेच पडलेलं असतं. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून उतरवलेलं भावगीत, त्याच्या आधी निवेदिकेचं अर्धं वाक्य, मध्येच कुकरची शिट्टी. मंगळागौरीच्या रात्री कोणीतरी सहज चालू ठेवलेला टेप; त्यात फुगड्यांचा दणदणाट आणि आत्याने घेतलेला, सगळ्यांना लाजवणारा उखाणा. हे कोणत्याही कंपनीने कधी विकलेलं नाही, त्यामुळे कोणतीही कंपनी ते जपणारही नाही. अशा कॅसेटींतली गाणारी माणसं बहुतेक बायकाच, आणि कुठला आवाज कुणाचा हे ओळखणाऱ्याही आपणच उरलोय. म्हणून हे काम 'मुलगा दिवाळीत आला की करील' असं म्हणून पुढे ढकलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाला वायर जोडता येईल. पण आवाज ऐकून "ही ठाण्याची काकू" असं त्याला कुठून सांगता येणार?

काम तसं सोपं, फक्त वेळखाऊ. टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढायची ती कॉम्प्युटरला. नव्या लॅपटॉपला ते आत जायचं भोक नसेल तर यूएसबीची छोटी डबी मिळते. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल पडला असेल तर आवाज रडका येतो, तो आधी बदलून घ्यावा. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत विचारलं तर मार्ग निघतो. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. पंचेचाळीस मिनिटांनी बाजू पालटायची. तेवढ्यात कणीक मळून होते.

खरखर काढायची तर नुसत्या खरखरीचे दोन-तीन सेकंद निवडून दाखवायचे, मग सॉफ्टवेअर तेवढीच बाकीच्यातून वजा करतं. पण चाळणी फार बारीक लावू नका. माणूस पाण्याखालून गातोय असं वाटायला लागतं. आणि कुकरची शिट्टी तर अजिबात काढू नका! मूळ प्रत 'वेव्ह' प्रकारात ठेवावी. मिनिटाला दहा एमबी जागा खाते, खाऊ दे. वाटायला एमपीथ्री बरी. पूर्वी पेटंटच्या भानगडीमुळे एमपीथ्रीसाठी 'लेम' नावाचा जोडतुकडा वेगळा आणावा लागायचा. २०१७ मध्ये त्या परवान्यांचा कारभार आटोपला, आता ते पोटातच असतं.

फाइलींना नावं मात्र मराठीत आणि पूर्ण द्या. 'ट्रॅक ०१' असं नाव ठेवलं तर ती पुन्हा माळ्यावरच गेली म्हणायची.

रविवारी एक, असा माझा हिशेब आहे. ट्रंकेत अजून चाळीसेक कॅसेटी असतील. त्यातल्या तिघींवर लेबलच नाही, त्या आधी घेणार आहे.